जुना ट्रान्झिस्टर घेताना: आतलं मिळतं, बाहेरचं मिळत नाही

आकाशवाणीचं नाशिक केंद्र १०१.४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे एफएमवर लागतं. १९६० आणि ७०च्या दशकांतल्या भारतीय ट्रान्झिस्टर रेडिओंवर बहुधा एफएमचा पट्टाच नसतो. त्यांच्यावर मिडियम वेव्ह आणि एखाद-दोन शॉर्ट वेव्ह असतात. तेव्हा जुना मर्फी किंवा बुश हातात आला आणि त्यावर नाशिक लागलं नाही, तर सेट बिघडला आहे असं समजू नका. उलट, विकणारा नुसती खरखर ऐकवून 'चालू आहे' म्हणाला, तर तेवढ्यावरही भुलू नका. खरखर म्हणजे आवाजाकडचा अर्धा भाग जिवंत आहे, एवढाच तिचा अर्थ.

आधी हद्द ठरवा

जुने सेट जमवायच्या छंदात नवखा माणूस दिसेल ते उचलतो. वर्षभरात माळा भरतो आणि त्यातला एकही सेट धड वाजत नाही. म्हणून सुरुवातीला पहिल्या पाच सेटांपुरती एक हद्द आखून घ्या. भारतात जुळवलेले, सेलवर चालणारे, दोन-तीन बँडचे टेबल सेट ही सर्वांत सोपी सुरुवात: फिलिप्स, मर्फी, बुश, एचएमव्ही, नेल्को, टेलिरॅड. आत जागा ऐसपैस असते, भाग मोठे असतात आणि हात शिरतो. खिशातले जपानी सेट दिसायला गोड, पण त्यांच्या बोर्डावर नखाएवढ्या जागेत तीन भाग कोंबलेले असतात. ते दुसऱ्या वर्षी घ्या.

व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे, रेडिओ मात्र तूर्त नकोच. त्यांच्या आत दोनशे-अडीचशे व्होल्ट खेळतात आणि एसी-डीसी जातीच्या सेटांत तर चेसिसचा पत्राच घरच्या विजेला जोडलेला असू शकतो. ट्रान्झिस्टर सेट ६ किंवा ९ व्होल्टवर चालतो. चूक झाली तर भाग जळेल, माणसाला काही होणार नाही.

'रेट्रो' नावाच्या नव्या वस्तूंपासूनही सावध राहा. बुशचा टीआर८२ हा इंग्लंडमधला १९५९चा गाजलेला नमुना. त्याच्या नव्या नकलाही निघाल्या आहेत. यूएसबीचं भोक, डिजिटल आकडे किंवा मागे बारकोड दिसला की समजायचं काय ते.

कुठे शोधायचं

नाशिकच्या गोदाघाटावर बुधवारचा आठवडे बाजार भरतो. तिथे पथारीवर जुन्या वस्तू मांडणाऱ्यांकडे अधूनमधून सेट दिसतो, पण सकाळी लवकर जावं लागतं. घरोघर फिरणाऱ्या भंगारवाल्याला नुसतं सांगून ठेवणं जास्त उपयोगी. त्याला एकच गोष्ट बजावा: सेट फोडायचा नाही आणि पाठीमागचं झाकण फेकायचं नाही. तांब्याच्या तारेसाठी आणि स्पीकरच्या चुंबकासाठी सेट फोडले जातात. तेवढ्या किमतीपेक्षा चार पैसे जास्त मिळतील हे त्याला कळलं, की तो स्वतःहून आणून देतो. नाशिकरोड, देवळाली कॅम्प, ओझर या बाजूला निवृत्त मंडळींची जुनी घरं रिकामी होत असतात. तिथे ओळखीतून विचारा.

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी, मुंबईत मटन स्ट्रीटचा चोर बाजार. दोन्हीकडे माल भरपूर, पण विकणारे जाणते असतात. ऑनलाइन किमतींवर विसंबू नका. तिथे दिसते ती मागितलेली किंमत असते. सेट त्या किमतीला गेला की नाही, हे कळत नाही.

घरातून सेट मिळाला तर रेडिओ लायसन्सची पुस्तिकाही मागून घ्या. पूर्वी रेडिओला पोस्टातून लायसन्स काढावं लागे आणि दरवर्षी फी भरावी लागे. पुस्तिकेतल्या शिक्क्यांवरून सेट कोणत्या साली वापरात होता, हे नक्की कळतं.

हातात घेतल्यावर दहा मिनिटं

या छंदातला सगळ्यांत महाग धडा इथेच मिळतो. आतला कपॅसिटर, ट्रान्झिस्टर, स्पीकर आजही मिळतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एक फेरी मारली की काम होतं. पण त्याच मॉडेलचं बटण, सेलच्या कप्प्याचं झाकण, आकड्यांची काच किंवा कंपनीचं नाव कोरलेली पट्टी मिळवायची, तर अख्खा दुसरा सेट विकत घ्यावा लागतो. म्हणून बंद पण पुरा सेट घ्या. वाजणारा पण अपुरा सेट सोडून द्या.

बटणं मोजा आणि ती एकाच घराण्यातली आहेत का ते पाहा. मागचं झाकण घट्ट बसतं का? त्याच्या खालच्या खिट्या हमखास तुटलेल्या असतात. एरियलच्या सगळ्या कांड्या ओढून पाहा. डायलची काच उजेडात तिरकी धरा: अक्षरं उडालेली असतील तर ती परत येत नाहीत. कॅबिनेटच्या जोडांना आणि कोपऱ्यांना बारीक तडे नाहीत ना, तेही बघा.

मग वास घ्या. जळका वास असेल तर कुणीतरी चुकीचा एलिमिनेटर (सेलऐवजी घरच्या विजेवर सेट चालवणारा डबा) लावलेला आहे. कुबट, मातकट वास असेल तर जास्त लक्ष द्या. सराफ बाजार, भांडी बाजार, नेहरू चौक या गोदाकाठच्या भागातून आलेला सेट पुरात भिजलेला असू शकतो. पुराची खूण मानला जाणारा गोदापात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला की तिथल्या तळमजल्यांना धोका असतोच. मागचं झाकण उघडून आतल्या भिंतीवर गाळाची आडवी रेघ दिसते का पाहा. स्पीकरचा कागद लाटांसारखा वाकलेला, चौकटीला गंज आणि कॉइलच्या बारीक तारांच्या टोकांना हिरवट बुरशीसारखा थर, अशी तिन्ही लक्षणं असतील तर तो सेट फक्त सुट्या भागांसाठी घ्यायचा, आणि तोही त्याच भावात.

वय ओळखायच्या दोन सोप्या खुणा. डायलवर 'केसी/एस' किंवा 'एमसी/एस' (किलोसायकल, मेगासायकल दर सेकंद) असं छापलेलं असेल तर सेट बहुधा १९७०च्या आधीचा. 'केएचझेड' (किलोहर्ट्झ) असेल तर साधारण नंतरचा. परदेशी सेटच्या डायलवर ६४० आणि १२४० या जागी बारीक त्रिकोण असतील, तर तो १९५३ ते १९६३ या काळात अमेरिकन बाजारासाठी बनलेला. युद्धकाळात सूचना ऐकण्यासाठी तिथे ती दोन ठिकाणं राखून ठेवलेली होती. डायलवर मिरवलेल्या '८ ट्रान्झिस्टर', '१० ट्रान्झिस्टर' अशा आकड्यांनी हुरळून जाऊ नका. त्या काळी काही परदेशी सेटांत नुसता आकडा वाढवायला निकामी ट्रान्झिस्टरही बसवले जात.

घरी आणल्यावर: सेल घालू नका

सगळ्यांना इथेच घाई होते. आधी सेलचा कप्पा बघा. बऱ्याच सेटांचं मरण रेडिओत नसतं, विसरलेल्या सेलमध्ये असतं. साधे झिंक-कार्बनचे सेल पाझरले की तो द्रव आम्लधर्मी असतो. अर्धी वाटी पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून कापसाच्या काडीनं पुसा. अल्कलाइन सेल पाझरला असेल तर उलटं: पांढरी भुकटी व्हिनेगरच्या थेंबानं काढायची. मग साध्या पाण्याची काडी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलची. पाणी बोर्डावर जाऊ देऊ नका. स्प्रिंगा आणि पट्ट्या बारीक पॉलिश पेपरनं हलकेच घासा. जोरात घासलं तर वरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज परत येतो.

सामान एवढंच लागतं: साधा मल्टिमीटर, २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर, काँटॅक्ट क्लिनर, चार मगरक्लिपच्या तारा, १०० ओहमचा १ वॉटचा एक रेझिस्टर आणि १० व १०० मायक्रोफॅरडचे २५ व्होल्टचे काही इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. झाकण उघडलं की आधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा. स्क्रू अंड्याच्या रिकाम्या ट्रेमध्ये काढण्याच्या क्रमानं ठेवा.

आता वीज द्या, पण थेट नाही. सेल आणि सेट यांच्यामध्ये तो १०० ओहमचा रेझिस्टर टाका. याचे दोन उपयोग: आत शॉर्ट असेल तरी काही जळत नाही, आणि रेझिस्टरच्या दोन टोकांवर मीटर लावला की सेट किती करंट ओढतो ते कळतं. एक व्होल्ट म्हणजे १० मिलिअँपिअर. आवाज अगदी कमी ठेवून साधारण ८ ते १५ मिलिअँपिअर आले तर तब्येत ठीक. मोठ्या सेटला २०पर्यंत चालेल. रेझिस्टरवर जवळजवळ सगळे ६ व्होल्ट दिसले तर आत शॉर्ट आहे: बहुधा आउटपुटचा, म्हणजे स्पीकर चालवणारा, ट्रान्झिस्टर किंवा सप्लायचा मोठा इलेक्ट्रोलिटिक. काहीच दिसलं नाही तर तार तुटलेली आहे किंवा खटका मेलेला आहे. रेझिस्टर असताना आवाज वाढवला की सेट फटफटतो. तो दोष समजू नका. आकडा ठीक आला की रेझिस्टर काढा.

ध्रुव मात्र दोनदा तपासा. जर्मेनियम ट्रान्झिस्टरांच्या जुन्या सेटांपैकी बऱ्याच सेटांत पीएनपी (उलट्या ध्रुवावर चालणाऱ्या) जातीचे ट्रान्झिस्टर असतात आणि सेलचं अधिक टोक चेसिसला जोडलेलं असतं. 'चेसिस म्हणजे उणे' या सवयीनं तारा जोडल्या की सेट गेला. बाजारातले स्वस्त एलिमिनेटर तर टाळाच. त्यांच्यावर ६ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी बिनभाराला नऊ-दहा निघतात, आणि वर घूं असा आवाज येतो तो वेगळा. मोबाइलच्या चार्जरवरून जुगाड केलं तर मिडियम वेव्हवर फक्त चार्जरच ऐकू येईल.

कुठला आवाज काय सांगतो

आवाजाचं बटण फिरवताना खरखर: काँटॅक्ट क्लिनरचा एक फवारा आत, मग बटण तीस-चाळीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बँडच्या खटक्यालाही तेच. घरातलं गंज काढायचं तेल मारू नका. त्यावर धूळ चिकटते आणि काही प्लॅस्टिकं मऊ पडतात.

करंट बरोबर, पण आवाज शून्य: आधी इअरफोनचं भोक बघा. इअरफोन घातला की स्पीकर तोडणारी एक पट्टी आत असते. ती काळवंडली की इअरफोन नसतानाही स्पीकर तुटलेलाच राहतो. पिन चार-पाच वेळा आत-बाहेर केली तरी कित्येकदा सेट बोलू लागतो. याच कारणानं 'बंद' म्हणून विकलेले सेट किती असतील, कोण जाणे.

मोटरसायकलसारखं फटफट: सप्लायचा १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक वाळला आहे. काढायच्या आधी तेवढाच चांगला त्याच्यावर समांतर धरून पाहा. फटफट थांबली तर बदला. आवाज बारीक आणि बसका असेल तर हीच युक्ती १० मायक्रोफॅरडच्या कपलिंगवर, म्हणजे आवाज एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात नेणाऱ्या कपॅसिटरवर करा. जुन्यावर ६.४ किंवा ६४ असे विचित्र आकडे असतील, तिथे १० आणि १०० चालतात. पण ध्रुव जुन्यावरूनच उतरवा. पीएनपी सेटांत इलेक्ट्रोलिटिकचं अधिक टोक चेसिसकडे असतं.

आवाज कमी असताना तुटक, चिरका आणि मोठा केल्यावर बरा: आउटपुटच्या जोडीतला एक ट्रान्झिस्टर कमजोर आहे किंवा त्यांचा बायस (ठरवून दिलेला सुरुवातीचा करंट) सरकला आहे. या जागी बऱ्याचदा एसी१२८, किंवा एसी१२७ आणि एसी१२८ची जोडी असते. बीईएलनं (भारत इलेक्ट्रॉनिक्स) ते भारतात बनवले होते आणि जुना साठा अजून निघतो. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. डाग देताना ट्रान्झिस्टर आणि आयर्न यांच्यामध्ये पाय चिमट्यानं धरा आणि तीन सेकंदांत काम उरका. मीटरच्या डायोड रेंजवर चांगला जर्मेनियम साधारण ०.१ ते ०.३ व्होल्ट दाखवतो, सिलिकॉन ०.६ ते ०.७. त्यामुळे आधी कुणी जर्मेनियमच्या जागी सिलिकॉन ठोकून दिला असेल तर तोही पकडता येतो.

हिस्स असा आवाज आहे, पण एकही स्टेशन नाही: बहुधा ऑसिलेटर (स्टेशन पकडण्यासाठी सेटच्या आत स्वतःची लहर तयार करणारा भाग) थांबला आहे. बाजूला चांगला रेडिओ ठेवा, तो १४०० किलोहर्ट्झवर लावा आणि संशयित सेटचा काटा ९४५च्या आसपास फिरवा. ऑसिलेटर चालू असेल तर चांगल्या रेडिओत शीळ येते किंवा एकदम शांतता पसरते. ऑसिलेटर स्टेशनच्या वर ४५५ किलोहर्ट्झवर चालतो, म्हणून हा हिशोब.

एएफ११४ ते एएफ११७ या ट्रान्झिस्टरांचं दुखणं वेगळंच आहे. त्यांच्या डबीच्या आत कथिलाचे केसासारखे बारीक तंतू वाढतात आणि पाय डबीला चिकटतात. त्यांना चार पाय असतात. त्यातला एक फक्त डबीला जोडलेला. तो कापला की सेट कित्येकदा जागच्या जागी जिवंत होतो. नाहीच झाला तर ट्रान्झिस्टर बदला.

आता सगळ्यांत मोठी सूचना: चौकोनी पत्र्याच्या डब्यांतले रंगीत स्क्रू फिरवू नका. लाल ऑसिलेटरचा, पिवळा, पांढरा आणि काळा आयएफचे (त्या ४५५ किलोहर्ट्झच्या टप्प्याचे), अशी सर्वसाधारण रीत. पन्नास वर्षांत ते फारसे सरकत नाहीत. सरकवतो तो माणूसच, आणि मग सिग्नल जनरेटरशिवाय ते परत जुळत नाहीत.

दोरी

काटा जागचा हलत नसेल तर डायलची दोरी तुटली आहे किंवा घसरते आहे. साधा शिवणदोरा ताणतो, चालत नाही. डायलसाठीची विणलेली नायलॉन दोरीच आणा. जुनी काढण्याआधी तिचा मार्ग कागदावर काढा: कुठल्या कप्पीवरून, कुठल्या बाजूनं. ट्यूनिंगच्या दांडीवर दोन ते तीन वेढे घ्या. एकच घेतला तर घसरते, चार घेतले तर एकमेकांवर चढते. स्प्रिंग अर्धवट ताणलेली राहिली पाहिजे. गाठीवर चिकटवणाऱ्या द्रवाचा एकच थेंब. शेवटी गँगच्या (स्टेशन लावताना फिरणाऱ्या कपॅसिटरच्या) पात्या पूर्ण आत गेल्या, की काटा ५५० किंवा त्याच्याही खालच्या टोकाला यायला हवा. थोडा फरक राहिला तर काटाच दोरीवर सरकवा. पहिल्यांदा या कामात एक संध्याकाळ सहज जाते.

अंग पुसणं

कॅबिनेट रिकामं करून कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि जुना मऊ टूथब्रश. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी प्लॅस्टिक क्षणात विरघळतं. चरे असतील तर साधी टूथपेस्ट मऊ कापडावर घेऊन गोल-गोल चोळा. डायलच्या काचेची आतली बाजू मात्र कोरड्या मऊ ब्रशनंच झटकायची. आकडे आतून रंगवलेले असतात आणि ओल्या कापडाच्या एका फटक्यात 'मुंबई', 'पुणे', 'दिल्ली' सगळं पुसून जातं. मग त्या सेटला काही अर्थ उरत नाही.

स्पीकरच्या कागदाला फाट असेल तर टिश्यूचा तुकडा आणि पाण्यात पातळ केलेला फेविकॉल पुरतो. स्पीकर बदलावाच लागला तर ओहम तेवढेच घ्या. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर सहा-सात दाखवतो. फेराइटची कांडी (मिडियम वेव्हची आतली एरियल) मोडली असेल तर तुकडे घट्ट जोडा आणि कॉइल होती त्याच जागी ठेवा.

काय ऐकू येईल

मिडियम वेव्हच्या डायलवर मुंबई ५५८ आणि १०४४, पुणे ७९२, जळगाव ९६३ अशा जागा. डायल मीटरमध्ये असेल तर ३,००,००० भागिले किलोहर्ट्झ, म्हणजे ५५८चे साधारण ५३८ मीटर. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीनं मिडियम वेव्हचे बरेच ट्रान्समीटर बंद केले आहेत. त्यामुळे नाशिकमध्ये तुमच्या गच्चीवर काय लागतं, ते आधी एखाद्या खात्रीच्या रेडिओवर ऐकून नोंदवून ठेवा. जुना सेट त्याच नोंदीशी ताडायचा. सूर्य मावळल्यावर लांबची स्टेशनं उघडतात. एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर बंद करा, नाहीतर घरातच वादळ असल्यासारखं ऐकू येतं. फेराइट कांडीला दिशा कळते. सेट हळूहळू गोल फिरवा, एका कोनात स्टेशन उभं राहतं.

पावसाळा

जूनच्या आधी सगळे सेल काढा, आज वाजवला असला तरी. चामड्याच्या कव्हरात सेट ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि आतल्या बाजूनं बुरशी सेटला लागते. कव्हर वेगळं, कागदात गुंडाळून, वर्तमानपत्र नव्हे, शाई उतरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत सेट बांधला तर ओल आतच कोंडते. जुन्या सुती पंच्यात गुंडाळा आणि जवळ सिलिका जेलची पुडी ठेवा. सेटला टेकून वायरचं भेंडोळं ठेवू नका. वायरचं मऊ प्लॅस्टिक कॅबिनेटला चिकटून कायमचा चट्टा पाडतं. दर महिन्याला एकेक सेट बाहेर काढून वीस मिनिटं वाजवा आणि सगळी बटणं फिरवा. कुठला कधी वाजवला, कोणता भाग बदलला, हे कागदाच्या चिठ्ठीवर लिहून सेलच्या कप्प्यात ठेवा. जुना भाग फेकू नका, तोही पुडीत बांधून त्याच कप्प्यात.